बिल्टी अडली म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करू नका

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतलं वेब ॲप्लिकेशन डेटाबेसला जोडलं जात नाहीये अशी तक्रार आली की सगळ्यात आधी काय होतं, तर कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं. आणि ते चालूही होतं, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण रीस्टार्ट केल्याबरोबर काय काय पुसलं जातं ते बघा. त्या क्षणी डेटाबेसला किती कनेक्शन चिकटून होती ती यादी गेली, कोणती क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) अडकली होती ते गेलं, अपाची या वेब सर्व्हरचे कोणते प्रोसेस लटकले होते ते गेलं, आणि हातात उरलं काय तर "आता चालून राह्यलं नं ताई" एवढं एक वाक्य. बिघाड तिथंच असतो, उद्या परत येतो.

मी नागपुरात जुनी पर्लची ॲप्लिकेशन्स सांभाळते. लोकांना वाटतं पर्ल कुठं उरलंय आता, पण अमरावती रोडवर वाडीच्या पुढं गोडाऊनच्या रांगा लागतात ना, तिथल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत बिल्टी म्हणजे मालाची पावती, भाडं, हमाली, डिलिव्हरीची पोच हे सगळं अजून पर्लवर चालतं. कोणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी मन लावून लिहिलेलं असतं, लिहिणारा पुण्याला नाहीतर हैदराबादला निघून गेलेला असतो, आणि प्रोग्राम मात्र इमानदारीत रोज बिल्ट्या काढत असतो. मला या प्रोग्रामांबद्दल खरंच आपुलकी आहे. लॅरी वॉलनं पर्ल १९८७ मध्ये आणलं, १९९४ ला पर्ल ५ आलं, आणि त्याच सुमाराला टिम बन्सनं डीबीआय सुरू केलं, म्हणजे कुठलाही डेटाबेस असो, पर्लमधून बोलायची पद्धत एकच. तेव्हाचा कोड आजही बहुतेक ठिकाणी जसाच्या तसा चालतो, ही लहान गोष्ट नाही. त्यामुळं असा प्रोग्राम अडला की "जुना झाला, फेकून द्या" म्हणण्याआधी तो नेमका कुठं अडला हे तरी बघावं, एवढं माझं म्हणणं आहे.

तर आधी लॉग. ब्राउझरमध्ये जे "इंटर्नल सर्व्हर एरर ५००" दिसतं त्यात काहीही माहिती नसते, ते मुद्दाम तसं असतं, बाहेरच्याला आतलं दिसू नये म्हणून. खरं वाक्य अपाचीच्या एरर लॉगमध्ये पडलेलं असतं. उबंटू-डेबियनवर व्हार-लॉगखाली अपाची२ नावाच्या फोल्डरमध्ये, रेड हॅटच्या घराण्यात एचटीटीपीडी नावाच्या. एक टर्मिनल उघडून त्यावर टेल (फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवत राहणारी कमांड) चालू ठेवायचं, दुसरीकडं ब्राउझरमध्ये तेच पान परत दाबायचं, आणि नवीन काय ओळ पडते ते डोळ्यांनी बघायचं. फोनवर कोणी "काहीतरी हेडरचं आलंय" सांगितलं तर त्यावर जाऊ नका. "एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स" याचा अर्थ एवढाच की स्क्रिप्ट काही बोलायच्या आधीच मेली, जुन्या अपाचीत हेच "प्रिमॅच्युअर एंड ऑफ स्क्रिप्ट हेडर्स" असं यायचं. का मेली ते बहुतेक वेळा त्याच्या वरच्या ओळीत असतं, आणि वरची ओळ कोणी वाचत नाही.

एक ओळ तर मी इतक्यांदा बघितलीय की ती दिसली की थेट वर स्क्रोल करते: "कान्ट कॉल मेथड प्रिपेअर ऑन ॲन अनडिफाइन्ड व्हॅल्यू". लोक मग त्या लाइन नंबरवर जातात, तिथली क्वेरी तपासतात, कॉमा बघतात, टेबलचं नाव बघतात. क्वेरीत काही नसतं हो. अडलेलं असतं त्याच्या आधी, कनेक्ट करताना. डीबीआयचं कनेक्ट फसलं की ते रिकामं हँडल (कनेक्शन धरायची मूठ) परत देतं, आणि रेझ-एरर लावलेलं नसेल तर प्रोग्राम काहीच झालं नाही असं समजून पुढं जातो आणि त्या रिकाम्या हँडलवर प्रिपेअर मारतो, म्हणजे क्वेरी तयार करायला सांगतो. म्हणून जुना कोड हातात आला की मी पहिलं काम हेच करते, कनेक्टच्या ओळीत रेझ-एरर १ करून ठेवते, मग जे मरायचं ते जागेवर मरतं आणि स्वतःच्या नावानं मरतं. फेटल्स-टू-ब्राउझर नावाची सोय काही जण लावून ठेवतात, म्हणजे एरर थेट पानावर दिसते. टेस्टवर लावा, पण जिथं ग्राहक येतात तिथं नको, फाइलींचे पाथ, टेबलांची नावं सगळं जगाला दिसतं.

एकदा कनेक्टचं खरं वाक्य हाती आलं की त्यात एक नंबर असतो आणि डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर तो नंबर अर्धं काम करून टाकतो. २००२ आला तर तुमचा निरोप डेटाबेसच्या सॉकेटपर्यंत, म्हणजे त्याच्या दारापर्यंत, पोचलाच नाही. १०४५ आला तर पोचला, पण युझर किंवा पासवर्ड नाकारला, म्हणजे नेटवर्क, फायरवॉल वगैरे तपासत बसायची गरजच नाही. १०४० म्हणजे जागा नाही, कनेक्शनचा कोटा भरला. २००६ म्हणजे कनेक्शन होतं, पण मधल्या काळात तुटलं. आणि "इन्स्टॉल ड्रायव्हर फेल्ड" असं काही असेल तर डेटाबेसचा काही संबंधच नाही, पर्लला डीबीडी-मायएसक्यूएल हे मायएसक्यूएलशी बोलणारं मॉड्यूलच सापडत नाहीये. या पाच तऱ्हांचे पाच वेगळे इलाज आहेत, आणि रीस्टार्ट मारणारा माणूस या पाचहींना एकच औषध देतो.

२००२ बद्दल थोडं सांगते कारण यात खूप जण घोळ घालतात. कनेक्टमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलं की मायएसक्यूएलची लायब्ररी नेटवर्कनं जातच नाही, ती त्याच मशीनवरच्या सॉकेट फाइलमधून जाते. आणि १२७.०.०.१ लिहिलं की ३३०६ पोर्टवरून जाते. आपल्याला दोन्ही एकच वाटतं, पण रस्ते वेगळे आहेत. सॉकेट फाइल डेटाबेस एका जागी ठेवतो आणि पर्लची लायब्ररी दुसऱ्याच जागी शोधते, असं झालं की २००२. एका ठिकाणी तर सॉकेट टेंप फोल्डरमध्ये होती, फाइल डोळ्यांनी दिसत होती, टर्मिनलवरून स्क्रिप्ट चालत होती, आणि अपाचीतून मात्र "फाइल नाही" म्हणून एरर. कारण सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिसेस उठवणारा प्रोग्राम) प्रायव्हेट-टेंप म्हणून एक सेटिंग असतं, ते चालू असलं की अपाचीला स्वतःचं वेगळं टेंप फोल्डर मिळतं, आपण बघतो ते त्याला दिसतच नाही. सॉकेट टेंपमधून हलवली, काम झालं.

यावरूनच पुढचा मुद्दा. "टर्मिनलवर चालतं, ब्राउझरमधून चालत नाही" हे वाक्य ऐकलं की मला उलट बरं वाटतं, कारण शोधायची जागा एकदम लहान होते. कोड तोच, डेटाबेस तोच, मग फरक काय, तर चालवणारा माणूस. टर्मिनलवर तुम्ही स्वतःच्या नावानं चालवता, अपाची चालवतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा किंवा अपाची या युझरच्या नावानं, त्याचा पाथ वेगळा, त्याचं होम वेगळं, त्याला मॉड्यूल शोधायची फोल्डरं वेगळी. तुम्ही पर्लब्रू या साधनानं स्वतःच्या होममध्ये नवीन पर्ल टाकून त्यात ड्रायव्हर बसवला असेल तर अपाचीला त्याचा पत्ताच नाही, तो सिस्टमचं पर्ल उचलतो. सूडोनं त्याच युझरचं सोंग घेऊन स्क्रिप्ट चालवून बघा, दहातल्या सात-आठ भानगडी तिथंच उघड्या पडतात. राहिलेल्या एसई-लिनक्सच्या, म्हणजे लिनक्सवरच्या जादा पहाऱ्याच्या असतात. रेड हॅटवाल्या सर्व्हरवर डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर वेब सर्व्हरला डेटाबेसकडं नेटवर्कनं जायची परवानगी मुळात बंद असते, "एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट डीबी" नावाचं एक बटण आहे, ते चालू करावं लागतं आणि कायमचं चालू करायला सेटएसईबूलला डॅश मोठा पी लावावा लागतो, नाहीतर पुढच्या बूटला परत बंद. हे नाकारलेलं सगळं ऑडिट लॉगमध्ये लिहिलेलं असतं. कृपा करून एसई-लिनक्सच बंद करून टाकू नका, एक बटण दाबायचं तर अख्खा पहारा कशाला उठवायचा.

आणि पर्ल अपग्रेड केल्यावर अचानक "कान्ट लोकेट" यायला लागलं तर एक आठवा, २०१७ च्या पर्ल ५.२६ पासून चालू फोल्डर मॉड्यूल शोधायच्या यादीतून काढून टाकलं. जुन्या प्रोग्रामांत डेटाबेसची माहिती असलेली एक छोटी फाइल शेजारीच ठेवून नुसत्या नावानं ओढलेली असायची, ती मिळेनाशी होते. तसंच सीजीआयचं, म्हणजे जुन्या वेब पानांचं मॉड्यूल, ५.२२ पासून ते पर्लच्या सोबत येत नाही, सीपॅन या पर्लच्या मॉड्यूलांच्या भांडारातून किंवा डिस्ट्रोच्या पॅकेजमधून वेगळं टाकावं लागतं. दोन्ही पाच मिनिटांची कामं आहेत, पण माहीत नसलं की अख्खा दिवस जातो.

आता ज्या एका केसमुळं मला हे सगळं लिहावंसं वाटलं ती सांगते. वाडीतलंच एक ट्रान्सपोर्ट ऑफिस, नाव नको. त्यांचा बिल्टीचा प्रोग्राम पूर्वी साध्या सीजीआयवर होता, म्हणजे प्रत्येक क्लिकला नवीन पर्ल प्रोसेस उठायचा, डेटाबेसला जोडायचा, बिल्टी काढायचा, मरायचा. हळू होता, पण अडायचा नाही. मग कोणीतरी तो प्लॅक आणि स्टारमनवर, म्हणजे पर्लचा प्रोग्राम कायम जागा ठेवणाऱ्या सर्व्हरवर नेला, आणि चांगला नेला, पानं झटक्यात उघडायला लागली. पण तेव्हापासून सकाळची तक्रार सुरू झाली. बुकिंगवाल्या काकांचा फोन यायचा, "ताई, बिल्टी निघूनच नाही राह्यली, गाड्या उभ्या आहेत नं दारात." आणि गाडी उभी राहणं म्हणजे तिकडं साधी गोष्ट नाही, ड्रायव्हर वैतागतो, हमाल बसून राहतात, माल उतरवायची वेळ चुकते. त्यांच्या आधीच्या माणसानं यावर उपाय म्हणून सकाळी आठला सर्व्हिस रीस्टार्ट करणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावून ठेवला होता. त्यानं बहुतेक दिवस निभत होतं, पण कोणी पहाटे सहाला लवकर येऊन बिल्टी काढायला बसलं की अडायचंच.

मी लॉग उघडला तर २००६, "मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे". मग काकांना विचारलं की काका, कोणत्या दिवशी होतं आणि कोणत्या दिवशी नाही, जरा आठवून सांगा. त्यांनी जे सांगितलं ते लॉगपेक्षा जास्त कामाचं होतं. म्हणाले, "रात्री उशिरापर्यंत लोडिंग चाललं तं दुसऱ्या दिवशी सकाळी कमी त्रास देते. तेव्हा एखादी बिल्टी अडते, परत बटन दाबलं का निघते. पण सोमवारी तं हमखास." बस. तिथंच सगळं कळलं. मायएसक्यूएलमध्ये वेट-टाइमआउट नावाचं सेटिंग आहे, एखादं कनेक्शन काहीच न बोलता नुसतं बसून राहिलं तर किती सेकंदांनी ते तोडायचं याचं. मुळातला आकडा २८८००, म्हणजे बरोबर आठ तास. ऑफिस रात्री नऊला बंद होतं, सकाळी उघडतं तोपर्यंत आठ तास केव्हाच उलटलेले असतात, रविवार मध्ये आला तर विषयच नाही. सीजीआयमध्ये हा प्रश्न यायचाच नाही कारण कनेक्शन दर क्लिकला नवीन. स्टारमनमध्ये मात्र वर्कर प्रोसेस दिवसेंदिवस जिवंत राहतात, सांगितलं नाही तर पाच वर्कर असतात, आणि या प्रोग्रामात प्रत्येक वर्करनं एकदा हँडल उघडून कायमचं जवळ ठेवलेलं होतं. रात्री उशिरा काम चाललेलं असलं की काही वर्करांची कनेक्शनं ताजी राहायची आणि काहींची तुटायची, म्हणून एखादीच बिल्टी अडायची आणि बटण परत दाबलं की विनंती दुसऱ्या वर्करकडं जाऊन निघून जायची. काकांनी पाहिलेलं एकूण एक खरं होतं.

खात्री करायला मी रात्रभर वाट बघत बसले नाही. टेस्टच्या सर्व्हरवर वेट-टाइमआउट ग्लोबल ६० सेकंद केला, स्टारमन नव्यानं उठवला, एक बिल्टी काढली, चहा ठेवला, परत आले, दुसरी बिल्टी काढली, २००६. वाडीतली रात्र एका मिनिटात बसवता येते. इथं एक खाचखळगा आहे तो लक्षात ठेवा. मायएसक्यूएलच्या प्रॉम्प्टवर बसून तुम्ही वेट-टाइमआउट किती आहे असं विचारलं तर तो जो आकडा सांगतो तो त्या तुमच्या प्रॉम्प्टच्या कनेक्शनचा असतो, आणि प्रॉम्प्टला इंटरॅक्टिव्ह-टाइमआउट लागू होतो, पर्लच्या कनेक्शनला लागू होतो तो नाही. त्यामुळं विचारताना ग्लोबल असं स्पष्ट लिहून विचारा, नाहीतर तुम्ही भलत्याच आकड्याकडं बघत बसाल आणि म्हणाल सेटिंग तर बरोबर आहे. मायएसक्यूएल ८.०.२४ पासून हे थोडं सोपं झालंय, सर्व्हर आता तोडताना कारण सांगतो की काम नसल्यामुळं तोडलं, नंबर ४०३१. त्यांचा सर्व्हर जुना होता, तिथं फक्त "गेला" एवढंच.

इलाज काय, यावर माझं मत जरा ठाम आहे. वेट-टाइमआउट वाढवून चोवीस तास करणं हा इलाज नाही, रविवार आला की परत तेच, आणि मध्ये फायरवॉल असेल तर तो त्याच्या हिशोबानं आधीच कनेक्शन टाकून देतो, तेव्हा तर एररसुद्धा येत नाही, पान नुसतं फिरत राहतं. दुसरा उपाय लोक सांगतात तो म्हणजे डीबीडी-मायएसक्यूएलचं ऑटो-रीकनेक्ट चालू करायचं. गंमत अशी की सीजीआय किंवा मॉड-पर्लच्या (अपाचीच्या आतच पर्ल चालवायच्या) वातावरणात ते आपोआप चालू होतं, ड्रायव्हर त्यासाठी एन्व्हायर्नमेंटमधलं गेटवे-इंटरफेस किंवा मॉड-पर्ल हे नाव बघतो, स्टारमनमध्ये ही नावं नसतात म्हणून बंद राहतं. पण मला ते चालू करायला आवडत नाही. गुपचूप जोडलेलं नवीन कनेक्शन हे नवीनच असतं, आधीच्या कनेक्शनवर लॉक केलेली टेबलं सुटलेली असतात, तात्पुरती टेबलं गेलेली असतात, शेवटचा आयडी विचारला तर तो मिळत नाही. बिल्टी नंबर काढताना मध्येच असं झालं तर एकाच नंबरच्या दोन बिल्ट्या, आणि मग ती भानगड निस्तरायला हिशोबवाल्यांचे आठवडे जातात. ऑटो-कमिट (प्रत्येक बदल लगेच पक्का करणं) बंद असेल तर ड्रायव्हर स्वतःच रीकनेक्ट करत नाही, ते बरंच आहे.

मी केलं ते हे. हँडल जपून ठेवणं बंद केलं, जिथं काम सुरू होतं तिथं दरवेळी डीबीआयच्या कनेक्ट-कॅश्डनं हँडल मागायचं. ते आधी जुन्या कनेक्शनला पिंग करून बघतं, जिवंत असेल तर तेच देतं, मेलेलं असेल तर नवीन जोडतं. म्हणजे तपासणी कामाच्या सुरुवातीला होते, अर्ध्यात नाही. डीबीआयएक्स-कनेक्टर नावाचं मॉड्यूल हेच आणखी नीट करतं, ते प्रोसेस फोर्क झाला, म्हणजे एका प्रोसेसमधून दुसरा निघाला, तरी ओळखतं, नवीन काम असेल तर मी तेच वापरते. इथं जुन्या कोडमध्ये कमीत कमी हात घालायचा होता म्हणून कनेक्ट-कॅश्ड. सकाळी आठचा क्रॉन काढून टाकला, आणि काकांना सांगितलं की आता पहाटे चारला आलात तरी चालेल.

फोर्कचं नाव निघालंच आहे तर तेही बोलून घेते, कारण हा बिघाड सगळ्यात विचित्र दिसतो. प्रोग्राम आधी कनेक्शन उघडतो आणि मग त्याची पोरं फुटतात, म्हणजे प्रीलोड करून वर्कर काढले की असं होतं. मग सगळ्या वर्करांकडं एकच सॉकेट असतं आणि सगळे त्यात एकदम बोलायला लागतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला, मध्येच "लॉस्ट कनेक्शन ड्युरिंग क्वेरी", नंबर २०१३, आणि एखादं पोर मरताना सगळ्यांचंच कनेक्शन बंद करून जातं. हे टेस्टला कधी दिसत नाही कारण टेस्टला एकच माणूस क्लिक करतो. उपाय साधा आहे, कनेक्शन फोर्कनंतरच उघडा. डीबीआयमध्ये ऑटो-इनॅक्टिव्ह-डिस्ट्रॉय नावाचा पर्याय आहे, तो लावला की निदान पोर मरताना बापाचं कनेक्शन तोडत नाही, पण वाटून वापरणं तरीही चूकच.

१०४० म्हणजे "टू मेनी कनेक्शन्स" यात एक हिशोब कागदावर मांडून बघा. अपाची प्रीफोर्कवर, म्हणजे एका वेळी एका विनंतीला एक प्रोसेस या पद्धतीवर असेल तर मॅक्स-रिक्वेस्ट-वर्कर्सचा मुळातला आकडा २५६. मायएसक्यूएलच्या मॅक्स-कनेक्शन्सचा मुळातला आकडा १५१. मॉड-पर्लमध्ये अपाची-डीबीआय लावलं की प्रत्येक अपाची प्रोसेस स्वतःचं एक कनेक्शन धरून बसतो. म्हणजे गर्दी वाढली की १५१ नंतरच्या सगळ्यांना दार बंद, आणि यात कोणाच्याही कोडमध्ये काही चुकलेलं नाही, दोन्ही आकडे ज्यानं त्यानं आपापल्या जागी बरोबरच ठेवलेत. शो प्रोसेसलिस्ट केलं की शंभरभर ओळी "स्लीप" म्हणून दिसतात. लोक म्हणतात मॅक्स-कनेक्शन्स ५०० करा. त्याआधी अपाचीला विचारा की खरंच २५६ लागतात का, एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात पंधरा माणसं काम करतात, तिथं ३० वर्कर पुरेत. आणि हो, कोटा भरलेला असताना आत जायला मायएसक्यूएल ॲडमिनसाठी एक जादा जागा राखून ठेवतो. ती जागा तेव्हाच कामी येते जेव्हा ॲप्लिकेशन स्वतः रूटच्या नावानं जोडलेलं नसतं. ॲप्लिकेशनला वेगळा साधा युझर द्या, एवढ्यासाठी तरी द्या.

आपल्याकडं उन्हाळ्यात आणखी एक प्रकार होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, मग एखाद्या संध्याकाळी वादळ येतं, धूळ उडते आणि लाइट जाते. ऑफिसातला सर्व्हर यूपीएसवर थोडा वेळ तग धरतो आणि धाडकन बंद पडतो. लाइट आली की सगळं एकदम उठतं, पण मायएसक्यूएलला अर्धवट राहिलेलं सावरायला वेळ लागतो, त्यातलं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन आपले लॉग वाचून टेबलं नीट करत असतं, आणि तोवर पर्लचा प्रोग्राम उठून दार वाजवून २००२ घेऊन बसलेला असतो. तो एकदाच प्रयत्न करणारा असेल तर मग मेलाच. सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये डेटाबेसनंतर उठ असं सांगता येतं, आणि रीस्टार्ट ऑन-फेल्युअर लावलं की पडला तर स्वतःच परत प्रयत्न करतो. अशा वेळी अजून एक बघाच, डिस्क. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (झालेल्या बदलांची नोंद) मुळातच चालू असतो आणि ३० दिवस साठवतो, लहान डिस्क असेल तर तोच डिस्क खाऊन टाकतो. डिस्क भरली की मायएसक्यूएल मरत नाही, लिहायला जागा मिळायची वाट बघत थांबतो, सगळी पानं लटकतात आणि लॉगमध्ये कनेक्शनची एररही दिसत नाही. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) मारायला दोन सेकंद लागतात, ते मी आता लॉगच्याही आधी मारते.

मायएसक्यूएल ८ वर गेल्यावर पासवर्ड बरोबर असूनही नाकारलं जातं, हा अनुभव अनेकांचा असेल. त्यात लॉगिनची मुळातली पद्धत बदलून कॅशिंग-शा२ झाली, आणि जुन्या क्लायंट लायब्ररीवर बांधलेल्या डीबीडी-मायएसक्यूएलला ती येत नाही, "ऑथेंटिकेशन प्लगइन लोड होत नाही" असं काहीतरी येतं. ड्रायव्हर नवीन लायब्ररीवर परत बांधा, तेच खरं उत्तर. मारियाडीबी असेल तर डीबीडी-मारियाडीबी हा वेगळा ड्रायव्हर आहे, तो बघा.

शेवटी मराठीचं, कारण हे आपल्यालाच निस्तरावं लागतं. बिल्टीवर गावाचं नाव "काटोल" टाकलं आणि छापून आलं पाच प्रश्नचिन्हं, किंवा मग कसलीतरी फ्रेंचसारखी दिसणारी अक्षरं. दोन्ही कनेक्शनचेच बिघाड आहेत, पण दोघांत फार मोठा फरक आहे. मायएसक्यूएलमध्येच त्या नावाची लांबी बाइटमध्ये विचारा. काटोलमध्ये क, काना, ट, ओकार, ल असे पाच तुकडे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट लागतात, म्हणजे १५ यायला पाहिजे. १५ आले तर डेटा ठणठणीत आहे, फक्त वाचताना किंवा दाखवताना गडबड होतेय. ३० किंवा त्याहून जास्त आले तर दोनदा एन्कोड झालंय, उलटं फिरवून दुरुस्त करता येतं, बॅकअप घेऊन शांतपणे करा. आणि नुसते ५ आले तर तिथं खरोखरच पाच प्रश्नचिन्हं साठवलेली आहेत, नाव गेलं, ते आता कागदावरच्या बिल्टीतूनच परत भरावं लागेल. म्हणून प्रश्नचिन्हं दिसली की आधी एन्ट्री थांबवा, मग शोधा. टेबल आणि कॉलम यूटीएफ८-एमबी४ करा, आणि कनेक्ट करताना मायएसक्यूएल-एनेबल-यूटीएफ८-एमबी४ चालू करा, ते केलं की कनेक्शनची भाषाही तीच होते आणि पर्लला आलेले बाइट अक्षरं म्हणून मिळतात. एकच बाजू केली तर परत दोनदा एन्कोड होतं, त्यामुळं दोन्ही एकाच वेळी, आणि रात्री गाड्या निघून गेल्यावर.

काहीच सुचत नसेल तेव्हा डीबीआय-ट्रेस हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ करून स्क्रिप्ट चालवा. डीबीआय काय मागतोय, ड्रायव्हर काय परत देतोय, ओळीओळीनं सगळं दिसतं, खूप लांबलचक असतं, पण कनेक्टपाशी नेमकं काय झालं ते त्यात असतंच. फक्त हे आउटपुट कोणाला पाठवायच्या आधी चाळून घ्या, त्यात ग्राहकांची नावं, रकमा, सगळं उतरलेलं असतं.